खांबाला बांधलेला रंग

(डेन्मार्कमध्ये लेम्विगचं बंदर, फ्योर्डच्या खाडीकाठी, सकाळ. दिव्याच्या खांबाला एक तरुण पॅकिंगच्या टेपनं गुंडाळलेला, केसांपासून बुटांपर्यंत विटकरी भुकटीनं माखलेला. समोर त्याची मालकीण. तिच्या एका हातात पावाला दूध लावायचा ब्रश, दुसऱ्या हातात जॅमची रिकामी बरणी.)

रिग्मोर: हलू नकोस म्हटलं ना. आणि श्वास नाकानं घे. तोही बेतानं.

एस्बेन: रिग्मोर, मी खांबाला बांधलेला आहे. हलायचं की नाही हा प्रश्न टेपनं पहाटेच निकालात काढला. आधी मला सोडा, मग काय ते झाडा.

रिग्मोर: सोडलं की तू अंग झटकशील.

एस्बेन: झटकणारच की. पंचविसावा वाढदिवस आला, गडी अजून घोडनवरा, म्हणून मित्रांनी धरला, खांबाला बांधला, वरून दालचिनी ओतली. रीतच आहे, माझी तक्रार नाही. येप्पेच्या वेळी बादली मीच धरली होती. पण मग नंतरची रीतही पाळा. कुणीतरी येतं, पोट धरून हसतं, फोटो काढतं आणि सोडतं. तुम्ही हसला नाहीत, फोटो काढला नाहीत, आल्या आल्या माझ्या भुवया झाडायला लागलात.

रिग्मोर: डोळे मीट.

एस्बेन: तुम्ही रडताय का?

रिग्मोर: वाऱ्यानं पाणी येतंय.

एस्बेन: वारा तुमच्या पाठीमागून आहे.

रिग्मोर: तुला वास कसला येतोय, एस्बेन?

एस्बेन: अंड्यांचा. फ्योर्डच्या पाण्याचा. थोडासा येप्पेच्या बिअरचा.

रिग्मोर: दालचिनीचा?

एस्बेन: तो नाही येत. माझ्याही ते लक्षात आलं होतं. आधी वाटलं, सर्दी झाली. मग वाटलं, येप्पेनं स्वस्तातली उचलली. तो माणूस कॉफीची पूड दोनदा उकळतो.

रिग्मोर: ती दालचिनी नाही.

एस्बेन: मग काय आहे?

रिग्मोर: तूच ओळख. तूच केलीयेस.

एस्बेन: नाही.

रिग्मोर: हो.

एस्बेन: नाही, रिग्मोर. असं बोलू नका. आज माझा वाढदिवस आहे.

रिग्मोर: बीट आणि गाजराचा रंग, त्यावर बाभळीच्या डिंकाचं आणि संत्र्याच्या सालीतल्या पेक्टिनचं कवच. दीड वर्षाचं काम. त्यातलं बरंचसं आत्ता तुझ्या कानात आहे.

एस्बेन: सगळी भुकटी?

रिग्मोर: डबा कुठेय?

एस्बेन: डबा त्यांनी उलटा करून बुडावर थापट्या मारल्या. शेवटचा कणही फुकट जाऊ नये म्हणून. मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं.

रिग्मोर: मीच सांगितलं होतं त्यांना. येप्पेनं काल विचारलं, पोराला कामावरून उचललं तर चालेल का? मी म्हटलं, उचला. वर म्हटलं, कपाटात दालचिनीचा मोठा डबा आणून ठेवलाय माझ्याकडून, तो न्या. आयुष्यात एकदा हौस केली.

एस्बेन: आणि आपली भुकटीही दालचिनीच्या रिकाम्या डब्यात. कारण तुम्ही डबे टाकत नाही.

रिग्मोर: चांगला डबा होता. उजेड आत जात नव्हता. शिवाय निळं रबर लावलं होतं ना मी त्याला, ओळखू यावा म्हणून.

एस्बेन: निळं रबर येप्पेबरोबर आलेल्या योहानेच्या केसांत आहे. वाऱ्यानं तिचे केस तोंडात जात होते. ती म्हणाली, बरं झालं बाई, रिग्मोर किती विचार करते सगळ्यांचा.

रिग्मोर: मान वर कर. हनुवटीखाली पुष्कळ आहे.

एस्बेन: एक मिनिट. मग कपाटात राहिलेला डबा...

रिग्मोर: तो मी सकाळी ओलुफच्या सॉसेजच्या कारखान्यात पोचवून आले. स्वतःच्या हातानं. ओलुफनं तो पहिल्या घाण्यात ओतला.

एस्बेन: वाटाण्याच्या सॉसेजमध्ये?

रिग्मोर: वाटाण्याच्या सॉसेजमध्ये. अख्ख्या डेन्मार्कमधलं पहिलं लाल सॉसेज, ज्यात डुक्कर नाही, किड्यांचा रंग नाही, काहीच जिवंत नाही. ओलुफचा फोन आला. तो काही ओरडत नाही, तुला माहितीये. म्हणाला, रिग्मोर, सॉसेज राखाडी झालंय, आणि त्याला नाताळचा वास येतोय. चाखायला बसवलेल्यांपैकी एक बाई म्हणाली, वाईट नाही, पण मोहरीबरोबर जाणार नाही.

एस्बेन: रिग्मोर, मला पाय आपटावेसे वाटतायत.

रिग्मोर: इथे नको. खाली बुटांवर माल आहे.

एस्बेन: आता तो काय म्हणतो?

रिग्मोर: म्हणतो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत यंत्र मोकळं ठेवतो. दुकानवाले दुपारी बघायला येणार आहेत. तोवर खरा माल आला तर ठीक, नाहीतर तो जर्मनीतल्या त्या दुसऱ्या लोकांचा रंग घेणार. त्याचीही मान अडकलीये. म्हणून मी ब्रश घेऊन आले.

एस्बेन: माझ्याकडे.

रिग्मोर: तुझ्याकडे कुठली? मालाकडे. तू मध्ये आहेस एवढंच.

एस्बेन: दुसरा घाणा काढू आपण. बीट आहे, गाजर आहे, डिंकाचं अर्धं पोतं आहे. मी न झोपता...

रिग्मोर: सुकवायचं कशात?

एस्बेन: यंत्रात.

रिग्मोर: यंत्र शुक्रवारी विकलं, ट्रकवर चढलं. तूच त्याला दोर बांधलास. फ्लेन्सबुर्गच्या माणसाला म्हणालास, हळू चालवा, ते हळवं आहे.

एस्बेन: हो. विसरलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो. म्हणजे आता जगात ही भुकटी फक्त माझ्या अंगावर आहे.

रिग्मोर: आणि थोडी फरशीवर. बाकीची फ्योर्डमध्ये उडाली असेल.

एस्बेन: मग नुसत्या काय उभ्या आहात? आणखी जवळ या, वारा अडेल असा कोट पसरून उभ्या राहा. आणि वरून खाली झाडू नका, खालून वर झाडा. बरणी छातीशी लावा माझ्या. नाही, तिरकी. माझ्या बापाच्या शेतावर बटाट्याचं पीठ सांडलं तरी एवढी हेळसांड होत नाही.

रिग्मोर: आता आलास शुद्धीवर.

एस्बेन: मला सोडू नका. अजिबात सोडू नका. मी दुपारपर्यंत असाच उभा राहतो. बाहीला घड्या पडल्यात ना कोपराशी, तिथे चमचाभर निघेल. पहाटेपासून मी तिथे काही हलवलेलं नाही.

रिग्मोर: ओलं कुठे कुठे झालंयस?

एस्बेन: आधी फ्योर्डच्या पाण्याची बादली ओतली, भुकटी चिकटावी म्हणून. तरी बघा, कवच उघडलेलं नाही. गार पाणी, त्यात मीठ, कवच उलट कडक झालं असणार. उघडलंय ते फक्त काखेत. तिथे मी लाल आहे. मला दिसत नाही, पण जाणवतं.

रिग्मोर: म्हणजे ऊब लागल्यावरच उघडतं.

एस्बेन: हो. कुत्र्याचंही तेच झालं.

रिग्मोर: कुठला कुत्रा?

एस्बेन: बोटी रंगवतो तो म्हातारा गेला इथून. मला विचारलं, पंचवीस की तीस? मी म्हटलं, पंचवीस. म्हणाला, मग ठीक आहे, तिसाव्याला मिरपूड असते, ती डोळ्यांत जाते, तेवढं लग्न त्याआधी उरकून घे. मी म्हटलं, प्रयत्न करतो. तोवर त्याच्या कुत्र्यानं माझा उजवा बूट चाटला.

रिग्मोर: किती चाटला?

एस्बेन: पुरा बूट.

रिग्मोर: अरे देवा.

एस्बेन: पण जीभ बघायला हवी होती तुम्ही. लालभडक. आपण दीड वर्ष जो लाल शोधत होतो, तोच. म्हातारा घाबरला, तडक जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मी मागून ओरडून सांगितलं, काही नाही, बीट आहे. त्याला वाटलं, मी शुद्धीवर नाही.

रिग्मोर: अर्धी भरली बरणी.

एस्बेन: दाखवा. वाईट नाही. मानेमागे अजून हात लावलेला नाही तुम्ही. कॉलरच्या आत बघा, तिथे कोरडं आहे. आणि केसांतलं शेवटी घ्या, ते चाळावं लागेल.

रिग्मोर: कशानं चाळू?

एस्बेन: चहाच्या गाळणीनं. केस वर राहतील, भुकटी खाली येईल. कोंडा मात्र येईल खाली. तो तेवढाच बारीक असतो.

रिग्मोर: तुला कोंडा आहे?

एस्बेन: कालपर्यंत हा माझा खाजगी प्रश्न होता.

रिग्मोर: माझ्या कारखान्यात वीस वर्षांत कुणी टोपी घातल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. मंत्रालयाचा माणूस आला होता एकदा, दाढी वाढवलेला. दाढीला जाळी लावायला लावली मी त्याच्या. म्हणाला, रिग्मोर, मी तुमची तपासणी करायला आलोय. मी म्हटलं, हो, आधी जाळी. आणि आज मी एका घोडनवऱ्याची मान खरवडून अन्नाच्या बरणीत भरतेय.

एस्बेन: उकळणारच आहेत ना ते. घाणा चांगला उकळतो. जंतू काय, काहीसुद्धा उरत नाही.

रिग्मोर: मीही मघापासून स्वतःला तेच सांगतेय.

एस्बेन: मग झालं तर. इथे बघा, खिशाच्या शिवणीत. तिथे बरीच साचलीये. पण जरा चिकटलीये.

रिग्मोर: कशानं चिकटलीये?

एस्बेन: कशानं काय.

रिग्मोर: एस्बेन. ही पोपडी कसली आहे?

एस्बेन: त्यांनी पाण्यानंतर अंडी मारली.

रिग्मोर: किती?

एस्बेन: ट्रेभर असतील. योहानेच्या घरच्या कोंबड्या आहेत, तिला त्याचं काही वाटत नाही.

रिग्मोर: कुठे कुठे मारली?

एस्बेन: रिग्मोर, ते दारू प्यायलेले होते. नेम धरून नाही मारली.

रिग्मोर: म्हणजे सगळीकडे.

एस्बेन: उकळलं की...

रिग्मोर: अंडं उकळलं की उकडलेलं अंडं होतं, पोरा.

एस्बेन: इतकं थोडं आहे. घाण्यात कुठच्या कुठे जाईल. एवढ्यानं कुणाला काय होणार?

रिग्मोर: ओलुफकडे पहिली मागणी कुणाची आहे?

एस्बेन: मला माहितीये कुणाची आहे.

रिग्मोर: सांग.

एस्बेन: बालवाड्यांची.

रिग्मोर: सहलीला सगळी पोरं पेटत्या निखाऱ्यांभोवती बसून लाल सॉसेज खातात, आणि ज्यांना दूध-अंड्याची ॲलर्जी आहे ती घरून आणलेली काकडी चावत बसतात. त्यांच्यासाठी. म्हणून तर त्याला आपला रंग हवा होता. पाकिटावर ‘दूध-अंडं नाही’ असं छापूनही झालंय.

एस्बेन: मग मघापासून झाडताय कशाला?

रिग्मोर: मला अंड्याचं माहीत नव्हतं.

एस्बेन: मी पहिल्यांदाच म्हटलं, अंड्यांचा वास येतोय.

रिग्मोर: ऐकलं होतं. कानाआड केलं.

एस्बेन: आपण धुऊ. गार पाण्यात धुतली तर अंडं वाहून जाईल, कवच तसंच राहील. मग घरी ओव्हनमध्ये, अगदी मंद. दार उघडं ठेवून. तुमच्या पावाच्या ट्रेवर पसरून.

रिग्मोर: अंडं पूर्ण गेलं हे तू कसं सांगशील?

एस्बेन: चव घेऊन.

रिग्मोर: एस्बेन.

एस्बेन: मला दुसरं काही सुचत नाही. तुमच्याकडे आहे का काही? मी इथे टेपमध्ये उभा राहून डोकं खाजवूसुद्धा शकत नाही. हे बंद पडलं तर मी बापाकडे बटाट्यांत जाणार. तुम्ही कुठे जाणार? आपला कारखाना ज्या जुन्या डेअरीत आहे, तुमचं घर तिच्याच वर आहे, रिग्मोर. यंत्र गेलं, आता डेअरी जाणार, मग जिना कशाला लागेल?

रिग्मोर: फोन वाजतोय.

एस्बेन: ओलुफ असेल. घ्या.

रिग्मोर: हात चिकट आहेत.

एस्बेन: माझ्या गालावर पुसा. नको, थांबा, गालावर माल आहे. स्पीकर लावा नाकानं.

रिग्मोर: हं. बोल, ओलुफ.

ओलुफ: रिग्मोर, मी टाकी धुऊन घेतली. दुसऱ्यांदाही धुतली, तरी नाताळ जात नाहीये पुरता. काय झालं, सापडला का तुमचा डबा?

रिग्मोर: डबा सापडला.

ओलुफ: आणि माल?

रिग्मोर: थोडा आहे.

ओलुफ: थोडा म्हणजे?

रिग्मोर: जॅमची एक बरणी. पाऊणभर.

ओलुफ: चालेल. ऐका, मी छोटी टाकी लावतो, तेवढ्यात दाखवण्यापुरतं निघेल. त्यांना एक ताट लाल दिसलं की पुरे आहे. मोठा माल तुम्ही पुढच्या महिन्यात द्या, यंत्राचं मी काहीतरी बघतो, माझ्या मेव्हण्याकडे दूध सुकवायचं एक पडून आहे. गाडी पाठवू का?

एस्बेन: पाठवा म्हणा.

ओलुफ: कोण बोललं?

रिग्मोर: वारा.

ओलुफ: बरं. आता मला विचारावं लागतं म्हणून विचारतो, मनावर घेऊ नका. तुम्हाला विचारायची खरं तर गरज नाही, तुमच्या जाळीची गोष्ट अजून सगळे सांगतात. बरणीत भुकटीशिवाय दुसरं काही नाही ना?

एस्बेन: नाही म्हणा. रिग्मोर, नाही म्हणा.

ओलुफ: रिग्मोर? आवाज तुटतोय.

रिग्मोर: तुटत नाहीये. मी विचार करतेय.

ओलुफ: काय?

रिग्मोर: त्यात थोडा एस्बेन आहे, ओलुफ.

ओलुफ: थोडा काय आहे?

रिग्मोर: एस्बेन. माझा माणूस. पंचवीस झाला आज. त्याच्या अंगावर ओतली पोरांनी, आणि वर अंडी मारली. मी ती झाडून गोळा केलीये. अंडं किती आणि माणूस किती, मला सांगता येणार नाही.

ओलुफ: अच्छा.

रिग्मोर: हं.

ओलुफ: मग दालचिनी...

रिग्मोर: त्याची होती.

ओलुफ: मी त्याला शुभेच्छा दिल्या म्हणून सांगा.

रिग्मोर: ऐकतोय तो.

ओलुफ: मग मी जर्मनीत फोन करतो, रिग्मोर. मला करावाच लागेल.

रिग्मोर: कर. आणि टाकी सोड्यानं धू. दालचिनी पाण्याला दाद देत नाही.

ओलुफ: बरं. वाईट वाटतंय मला.

रिग्मोर: ठेव आता.

एस्बेन: तुम्ही ठेवलात?

रिग्मोर: त्यानं ठेवला.

एस्बेन: मेव्हण्याकडे यंत्र होतं, रिग्मोर. पडून होतं.

रिग्मोर: ऐकलं मी.

एस्बेन: एकच ताट होतं. दुकानवाल्यांनी एकेक घास घेतला असता. त्यांतल्या कुणाला अंडं चालत नसेल तर तो मोठा माणूस, सांगितलं असतं त्यानं. बालवाडीपर्यंत गेलंच नसतं ते. पुढचा माल नवा असता, स्वच्छ.

रिग्मोर: हो. फोनवर बोलताना मीही हाच हिशेब केला.

एस्बेन: मग?

रिग्मोर: बरोबर निघाला. म्हणूनच घाबरले. हात इकडे कर, टेप कापते. कातर गार आहे.

एस्बेन: नका सोडू. मला राग आलाय, मी बांधलेलाच बरा.

रिग्मोर: राहा रागात. मनगट वळव. दुखतंय?

एस्बेन: हातांत मुंग्या आल्यात. पाय आहेत की नाहीत कळत नाही.

रिग्मोर: माझ्या खांद्यावर भार टाक. टाक की, मी काही पेक्टिनची नाही.

एस्बेन: कोट खराब होईल तुमचा.

रिग्मोर: होऊ दे. बस इथे, बोटी बांधायच्या खुंटावर.

एस्बेन: रिग्मोर.

रिग्मोर: काय?

एस्बेन: माझा डावा खांदा बघा.

रिग्मोर: हा माझा कोट घाल आधी, कुडकुडतोयस.

एस्बेन: ऊन पहाटेपासून डाव्या बाजूनं होतं. उजवी बाजू खांबाच्या सावलीत. नुसतं बीट असतं तर डावीकडे एव्हाना फिकट पडून गेलं असतं, आपण किती वेळा बघितलंय. हे बघा, दोन्ही खांदे. तसूभर फरक नाही.

रिग्मोर: हं.

एस्बेन: म्हणजे टिकलं. आपलं कवच टिकलं.

रिग्मोर: टिकलं.

एस्बेन: फोन आला तेव्हा तुम्ही ह्याच खांद्यावर झाडत होता. तुम्हाला दिसलं नाही?

रिग्मोर: दिसलं.

एस्बेन: मग बोलला का नाहीत?

रिग्मोर: बोलले असते, तर ओलुफला ‘गाडी पाठव’ म्हणून बसले असते.